डावीकडचं पान

रिटायर झाल्यावर माणसाला छंद हवा, असं मला सगळ्यांनी सांगितलं. कुठला हवा ते कोणी सांगितलं नाही. आमच्या ह्यांना टोमॅटो सापडले. ते मार्चपासून रोपांच्या मागे लागतात, जुलैत हरणं ती रोपं खातात आणि ऑगस्टमध्ये हे पुढच्या मार्चचे बेत करायला लागतात. मला असलं काही जमेना. भजनी मंडळात दोनदा जाऊन आले. तिथल्या काकूंनी फार गोड शब्दांत मला नुसते टाळ वाजवायला सुचवलं. चाळीस वर्षं सकाळी सातला हॉस्पिटलात राउंड घेतलेली बाई मी. ती काय टाळ वाजवणार?

वेस्ट विंडसरच्या, न्यूयॉर्कपासून तासाभरावरच्या, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर एक जुनं गाव आहे. एक रस्ता, दोन चर्चं, एक आइस्क्रीमचं दुकान आणि रस्त्याच्या टोकाला एक पांढरं लाकडी घर. त्या घरात गावचं इतिहास मंडळ आहे. जुनं हस्ताक्षर वाचू शकणारे स्वयंसेवक पाहिजेत, अशी त्यांची चिठ्ठी मी लायब्ररीत वाचली आणि गेले.

तिथल्या बाई ऐंशी पार केलेल्या, एकेकाळच्या शिक्षिका. त्यांनी माझ्यासमोर चामड्याच्या पुठ्ठ्याची एक वही ठेवली. म्हणाल्या, एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या डॉक्टरची आहे, अशा नऊ वह्या आहेत. कॉलेजातली दोन मुलं येऊन गेली, पण हल्लीच्या मुलांना जोडून लिहिलेलं इंग्रजी अक्षर वाचताच येत नाही, त्यातून हे डॉक्टरचं. मी चष्मा लावला आणि पहिली ओळ घडाघडा वाचून दाखवली. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

त्यात माझी काही करामत नव्हती. कराडच्या मराठी शाळेत पाचवीला आमच्या मास्तरांनी चार रेघी वहीत इंग्रजी अक्षरं गिरवून घेतली होती. अक्षर उजवीकडे पुरेसं झुकलं नाही तर पट्टी बोटांवर. इंग्रजी बोलायला मला पुढे दहा वर्षं लागली, पण लिहायला त्याच वर्षी आलं. आणि औषधांचे लॅटिन संक्षेप तर मी झोपेतही वाचले असते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

तर अशी मी दर मंगळवारी आणि गुरुवारी त्या डॉक्टरांकडे जायला लागले. ह्यांनी त्याचं नाव 'तुझा तो' असं ठेवलं. "काय म्हणतोय तुझा तो?" हा जेवताना विचारायचा प्रश्न.

माझा तो शेतकऱ्याचा दुसरा मुलगा. जमीन थोरल्याकडे जायची होती, म्हणून बापाने ह्याला शेजारगावच्या म्हाताऱ्या डॉक्टरच्या हाताखाली घातलं. तीन वर्षं त्याने तिथे झाडू मारला, खलबत्त्यात पुड्या कुटल्या, मग दोन हिवाळे फिलाडेल्फियाला जाऊन व्याख्यानं ऐकली आणि डॉक्टर होऊन गावी परतला. एका घोड्याची बग्गी आणि काळी पेटी एवढाच सरंजाम. वह्यांमध्ये तो हवा लिहितो, रस्त्यातला चिखल लिहितो, घोड्याचा दुखरा पाय लिहितो. सासुरवाडीच्या मंडळींपेक्षा घोड्याबद्दल त्याने जास्त मायेने लिहिलंय, हे मी ह्यांना मुद्दाम सांगितलं.

त्याची लिहायची एक पद्धत होती. पेशंटची हकीकत नेहमी उजव्या पानावर, काळ्या शाईत. नावाची दोन अक्षरं, तक्रार, दिलेलं औषध. डावं पान कोरं सोडायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, कागदाची काय ही उधळपट्टी! पण मग एका डाव्या पानावर वेगळी, तपकिरी शाई दिसली.

उजवीकडे एक शिवणकाम करणारी बाई होती. पोटात कळा, अशक्तपणा, तोंडाला विचित्र चव. डॉक्टरांनी तिला बायकांचे नेहमीचे त्रास म्हणून औषध दिलं होतं, विश्रांती सांगितली होती. डावीकडे, पाच महिन्यांनंतरच्या शाईत, त्याने लिहिलं होतं की मी चुकलो. ती बाई दिवसभर रेशमी दोरा दातांनी तोडत असे आणि त्या दोऱ्याला वजन यावं म्हणून कारखान्यात शिसं चढवत असत. कात्री वापरायला लागल्यावर ती बरी झाली. आणि त्याखाली एक ओळ, अधोरेखित. मी तिला विचारायला हवं होतं, की दोरा कशाने तोडतेस?

मग मी भराभर पानं उलटली. प्रत्येक भरलेल्या डाव्या पानाचा शेवट तसाच होता. काय चुकलं, कसं कळलं आणि शेवटी जो प्रश्न विचारायचा राहिला तो. गडी हे सगळं कोणासाठी लिहीत होता? त्याला कोणी विचारणारं नव्हतं, कोणी तपासणारं नव्हतं. आमच्या वेळी तर उलटीच शिकवण होती. हॉस्पिटलचे वकील दर वर्षी येऊन सांगून जायचे की चूक झाली तरी कागदावर शब्द उतरवू नका आणि सॉरी तर चुकूनही म्हणू नका. मी ती शिकवण इतकी मनावर घेतली की घरातसुद्धा कोणाला कधी सॉरी म्हटलं नाही.

मी पेन्सिल खाली ठेवली. बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, चहा हवाय. पण मला चहा नको होता. मला माझं एक डावं पान आठवलं होतं, आणि ते इथे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

आमच्या मागच्या गल्लीत पुण्याचा एक मुलगा राहतो. आयटीतला. तेव्हा तीन दिवस प्रिन्स्टन जंक्शनहून गाडी पकडून न्यूयॉर्कला जायचा आणि दोन दिवस घरून काम करायचा. पाच वर्षांपूर्वी त्याला मुलगी झाली तेव्हा त्याचे आईवडील आले होते. वडील रिटायर्ड पोस्टमास्तर, कमी बोलणारे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. बारशाला अख्खी वस्ती लोटली होती. इथे कुठल्याही मराठी समारंभात डॉक्टर सापडला की त्याच्या हातात आधी ताट येतं आणि मागोमाग कोणाचा तरी गुडघा. भारतातून आलेल्या आईवडिलांचं इन्शुरन्स म्हणजे असून नसल्यासारखं, तेव्हा सगळ्यांना डॉक्टर मावशी बरी पडते. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गॅरेजच्या दारात, जिथे चपलांचा ढीग पडला होता, तिथे पोस्टमास्तरांनी मला गाठलं. छातीवर मधोमध हात ठेवून म्हणाले, "डॉक्टरबाई, इथे दोन दिवस जळजळतंय. मुलाला सांगू नका हं. त्याच्या ऑफिसात काहीतरी मोठं काम चाललंय. मी बोललो तर सगळं टाकून मला हॉस्पिटलात नेईल."

माझ्या एका हातात घुगऱ्यांची वाटी होती आणि आतून मला कोणीतरी पाळण्यासाठी हाका मारत होतं. मी म्हटलं, "पित्त आहे. जागरणं, परकं पाणी, त्यात हे हरभरे. मी गोळी पाठवते, रात्री घ्या." पोस्टमास्तरांचा चेहरा खुलला. मी गोळी पाठवलीही. तिसऱ्या दिवशी सकाळी तळ्याभोवती फिरायला गेले असताना ते बाकावर बसले आणि तिथेच गेले.

तेराव्याला त्यांची बायको रडता रडता म्हणाली, "दोन दिवस जिन्यात मध्येच थांबायचे हो. मी विचारलं तर म्हणायचे, भिंतीवरचे फोटो बघतोय." जिना चढताना जास्त होतं का? मेडिकलच्या तिसऱ्या वर्षातलं पोरगं हे विचारतं. मी विचारलं नव्हतं.

हे मी घरी फक्त ह्यांना सांगितलं. हे इंजिनियर माणूस, आधी खुर्ची ओढून बसले, मग म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. अगं, इथे लोक केस करतात. आणि तू सांगून तो माणूस परत येणार आहे का?" मला तेच ऐकायचं होतं. मी मूग गिळून बसले.

पण त्या मुलाने मला बसू दिलं नाही. त्याने स्वतःवरच सगळं ओढून घेतलं होतं. त्या दोन दिवसांत बाबा दोनदा त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते, तो कॉलवर होता आणि त्याने दोन्ही वेळा हातानेच थांबा म्हणून खूण केली होती. तेव्हापासून त्याने खोलीत बसून काम करणंच सोडलं. डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून बसतो, पोरगी रडो, कुकर शिट्ट्या देवो. मला पुन्हा पुन्हा विचारायचा, "मावशी, त्यांना पेन होत असणार ना? ते मला सांगायलाच आले होते ना? मी एक मिनिट म्यूट करून विचारलं असतं, तर?" मी म्हणायचे, "अरे, असं होतं कधीकधी. कोणाच्या हातात नसतं." आणि ह्याबद्दल तो माझा ऋणी! वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी तो दर वर्षी माझ्याकडे डबा घेऊन यायचा. खीर, वडे, आमसुलाची चटणी. "तेव्हा तुमचाच आधार होता, मावशी." ते वडे माझ्या घशाखाली कसे उतरायचे ते मलाच ठाऊक.

असो. आता पुन्हा माझ्या त्याच्याकडे.

चौथ्या वहीत गावात तापाची साथ आली. विषमज्वर असणार, त्याच्या वर्णनावरून मला लगेच कळलं, पण त्या काळी जंतू कोणाला माहीत? त्याने सगळ्यांप्रमाणे दलदलीच्या दूषित हवेला दोष दिला. खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. आणि अंग पोळणाऱ्या पेशंटला भरपूर थंड पाणी पाजायला सांगितलं, तेही चौकातल्या विहिरीचं, कारण पंचक्रोशीत त्या विहिरीएवढं गोड पाणी नव्हतं. उजव्या पानांमागून उजवी पानं. घरातलं एक आजारी, मग दुसरं, मग सगळेच. काही नावांपुढे छोटासा क्रॉस.

विहिरीच्या मागे घोड्यांचा तबेला होता आणि तबेल्याचा संडास. हे त्याच्या लक्षात आलं साथ सरल्यावर. ओढ्याकाठच्या एका विधवेच्या घरात कोणीच आजारी पडलं नव्हतं, कारण तिला चौकापर्यंत चालवत नव्हतं म्हणून ती स्वतःच्या पंपाचं पाणी प्यायची. तो मग घरोघर पुन्हा गेला. ज्यांच्याकडे माणूस गेलं होतं त्यांच्याही घरी गेला आणि डावी पानं भरत बसला. एकोणीस पानं. सगळ्यांच्या खाली एकच प्रश्न, तोच तो, पुन्हा पुन्हा. पाणी कुठून आणता?

मला रडू आलं ते तिथे. मंडळातल्या बाईंनी टिश्यूचा डबा सरकवला.

तबेला होता गावातल्या बड्या आसामीचा. ती आसामी ह्याच्याच पक्षाची, शिवाय चर्चमध्ये ह्याच्या पुढच्याच बाकावर बसणारी. गावच्या पंचांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विहीर तशीच चालू ठेवली. तेव्हा हा डॉक्टर राजकारणात उतरला. त्याच्या मनात साधा हिशेब होता की आपण एका वेळी एका घरात जातो, कायदा सगळ्या विहिरींवर जाईल. राज्याच्या विधिमंडळासाठी तो उभा राहिला आणि त्याच बग्गीतून प्रचाराला निघाला. घोड्याला प्रत्येक दारात अर्धा तास थांबायची सवय, तो पाच मिनिटांत हलेचना. त्यामुळे ह्याचा प्रचार फार रेंगाळला, असं त्याने वैतागून लिहिलंय. मतं मागता मागता नाड्या बघायचा. त्यातच निवडून आला.

सभागृहात तो पहिल्यांदा बोलला ते भाषण बाईंना एका जुन्या कात्रणात सापडलं. त्याने मेलेल्यांची यादी वाचली. आणि म्हणाला की हे सगळे माझे पेशंट होते आणि ते पाणी मीच त्यांना पाजायला सांगितलं होतं. कल्पना करा. निवडून आलेला माणूस, पहिलं भाषण, समोर विरोधक टपून बसलेले. वर्तमानपत्राने त्याची यथेच्छ टर उडवली, हा डॉक्टर स्वतःच्या पेशंटच्या थडग्यांवर उभा राहून मतं मागतो म्हणे. पक्षाने हात वर केले. गावात काही महिने त्याला कोणी घरी बोलावेना. त्या दिवसांत वहीत नुसती हवा आणि घोडा आहे.

त्याचं विधेयक दोनदा पडलं, एकदा तर तोच निवडणुकीत पडला. पुन्हा उभा राहिला. तिसऱ्या खेपेला विधेयक पास झालं तेव्हा त्यातली दोन कलमं त्याला सोडून द्यावी लागली होती, तर त्याचंही डावं पान आहे. कुठे नमलो, कोणाला खूश करायला नमलो आणि कोणाला विचारायला हवं होतं. राजकारणी माणसाच्या वहीत असलं पान मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडे अशी वही ठेवायची म्हटली तर कागद पुरायचा नाही." पण हसले नाहीत.

सगळंच गोड नाही. आठव्या वहीत एका बाई डॉक्टरने जिल्ह्याच्या डॉक्टर मंडळीत घ्या म्हणून अर्ज केला आणि ह्या शहाण्याने विरोधात मत दिलं. का, तर बायकांच्या प्रकृतीला रात्रीबेरात्री पेशंटकडे जाणं झेपणार नाही. मी डावं पान पाहिलं. कोरं. उलटून पाहिलं, उन्हाकडे धरून पाहिलं. कोरं! दोन पोरं सांभाळून केलेल्या माझ्या नाइट ड्यूट्या मला एकदम आठवल्या आणि मी त्याला खणखणीत मराठीत दोन शब्द सुनावले. बाईंनी विचारलं, काय म्हणालात? मी म्हटलं, त्याला सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही, लिही. बाई म्हणाल्या, माझ्या वतीनेही सांगा.

वसंतात मंडळाने ठरवलं की वह्यांचं प्रदर्शन मांडायचं आणि मी त्यावर बोलायचं. समितीच्या बैठकीला ह्यांनाही नेलं होतं, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे मला गाडी चालवायला बंदी होती. तिथे अध्यक्ष म्हणाले की काचेच्या पेटीत उजवी पानंच उघडून ठेवू. शाळेतली मुलं येतात, आणि गावाचा इतका आवडता डॉक्टर, त्याच्या चुका कशाला मांडायच्या? झालं. माझा पारा चढला. मी उभी राहून त्यांना सांगितलं की हा माणूस ग्रेट आहे तो डाव्या पानामुळेच, उजवी पानं तर त्या काळच्या प्रत्येक डॉक्टरकडे होती. लपवायचं काय त्यात? ज्याने सभागृहात उभं राहून सांगितलं, त्याचं तुम्ही पेटीत झाकून ठेवणार? बिचारे अध्यक्ष. डावी पानं उघडी राहतील असं ठरलं.

परत येताना गाडीतही मी बोलतच होते. लपवाछपवी, भित्रेपणा, वगैरे. हे समोर बघत गाडी चालवत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपली एक्झिट मागे गेली."

"मग सांगायचं नाही का आधी?"

"तू बोलत होतीस." मग पुढच्या एक्झिटला वळता वळता म्हणाले, "मी चार वर्षं तुला नको म्हणतोय ना, ते तुझ्यासाठी म्हणत होतो. पण हल्ली तू तो श्राद्धाचा डबा उघडतसुद्धा नाहीस. मीच खातो एकटा. तुला सांगायचंय ना त्याला? मग सांग. केस झाली तर बघू."

माझ्या व्याख्यानाला मराठी मंडळी पुष्कळ आली. मागच्या गल्लीतला मुलगाही आला, पोरीला खांद्यावर बसवून. मी शिवणकामवाली सांगितली, विहीर सांगितली, घोडा सांगितला, लोक हसले. बाई डॉक्टरचं कोरं पानही दाखवलं. शेवटी टाळ्या झाल्या. ह्यांना वह्या पेटीत लावायला मदतीसाठी थांबायचं होतं आणि मुलाची बायको पोरीला घेऊन मैत्रिणीच्या गाडीतून आइस्क्रीम खायला गेली. तो म्हणाला, "मावशी, चला, मी तुम्हाला ड्रॉप करतो."

गाडीत तोच बोलत होता. "सुपर्ब झालं. काय माणूस यार! म्हणजे एवढं ओपनली बोलायला गट्स लागतात. मी पण लिहायला हवं एक डावं पान. बाबांचं. क्वेश्चन माहितीये मला. बाबा, काय झालं? एवढंच विचारायचं होतं. एवढंसुद्धा विचारलं नाही मी."

"गाडी बाजूला घे," मी म्हटलं.

"का, बरं वाटत नाहीये?"

"घे बाजूला."

त्याने एका बँकेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. मी त्याच्याकडे न बघता सांगायला लागले, केस सांगावी तशी, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला सांगता आलं नसतं. बारशाच्या दिवशी, गॅरेजच्या दारात, दुपारी. तक्रार काय होती. हात कुठे ठेवला होता. मी काय म्हणाले. कुठली गोळी पाठवली. "मी त्यांना विचारायला हवं होतं की जिना चढताना जास्त होतं का. मी विचारलं नाही. माझ्या हातात वाटी होती आणि मला घाई होती. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. आणि चार वर्षं तू माझ्यासमोर जळत होतास आणि मी गप्प बसले, ते त्याहून वाईट. सॉरी."

तो शब्द मराठीत मला म्हणता आला नाही.

तो दार उघडून उतरला आणि पार्किंगच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. मी काचेतून त्याची पाठ बघत बसले. मला वाटलं, हा आता परत यायचा नाही, आणि आला नाही तर त्यात त्याची काही चूक नाही. बऱ्याच वेळाने आला. बसला. दोन्ही हात स्टीअरिंगवर.

"मला खूप राग आलाय, मावशी."

"येऊ दे."

"नाही, खूप म्हणजे खूप. मला काय बोलावं कळत नाहीये." मग म्हणाला, "म्हणजे बाबांनी कोणाला तरी सांगितलं होतं."

"हो."

"मला वाटायचं, ते कोणालाच न सांगता गेले." त्याने बाहीने डोळे पुसले. "अजून काय म्हणाले?"

मी आठवेल तेवढं सगळं सांगितलं. मुलाचं मोठं काम चाललंय हे सांगताना त्यांचा आवाज कसा होता, तेही सांगितलं. तक्रारीचा नव्हता, ऐटीचा होता. चार वर्षं माझ्याजवळ पडून होतं ते, त्याच्या मालकीचं. त्याने मला घरापाशी सोडलं आणि लगेच गाडी वळवली.

त्या वर्षी श्राद्धाचा डबा आला नाही. दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तो लांबून दिसला, मान हलवली, तेवढंच. त्याच्या बायकोकडून ह्यांना कळलं की त्याने लॅपटॉप परत खोलीत नेलाय. दार उघडं ठेवून बसतो, पण खोलीत बसतो. हे ऐकून मी त्या दिवशी पोटभर जेवले. केस वगैरे काही झाली नाही, पण झाली असती तरी मी सॉरी हाच शब्द पुन्हा म्हटला असता. मी माझ्या मंगळवार-गुरुवारला जात राहिले. नवव्या वहीतली शेवटची पानं हात थरथरत लिहिलेली आहेत, आणि त्यातली उजवी बाजू त्याच्या स्वतःच्या दुखण्याची आहे. डावीकडे शेवटपर्यंत जागा सोडलेली आहे.

ह्या मे महिन्यात, रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. तो होता आणि बरोबर त्याची आई. आदल्याच आठवड्यात आलेली. तिच्या हातात चिवड्याची पिशवी.

"आईला दम लागतो म्हणते," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "उद्याची अपॉइंटमेंट घेतोच आहे मी. पण त्याआधी तुम्ही बघा. आणि मावशी, सगळे क्वेश्चन्स विचारा."

मी त्यांना बसवलं. ह्यांनी चहाचा ट्रे आणला, मी तो तसाच टीपॉयवर ठेवायला सांगितला आणि हात मोकळे ठेवले. एक वही घेतली, उजव्या पानावर लिहायला सुरुवात केली. झोप, पाय सुजतात का, उशा किती लागतात, आईवडील कशाने गेले, सगळं. तो शेजारी बसून ऐकत होता. पाऊण तास झाला. एक प्रश्न मी पुढे ढकलत होते, तोही विचारला.

"वहिनी, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का?"

वहिनींनी आधी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "थांबते हो मी," त्या म्हणाल्या. "पण ते दमामुळे नाही. ह्याने आमच्या ह्यांचा फोटो तिथे भिंतीवर लावलाय ना."

मी ते लिहून घेतलं. मग म्हटलं, "तरी आपण उद्या सकाळी दाखवून येऊ. मी बरोबर येते."